सगोत्र वाघ

वाघाशी माझा संबंध रोज सकाळी दहा वाजल्यापासून येतो. हे वाक्य वाचून कोणाचा गैरसमज होऊ नये म्हणून लगेच खुलासा करतो, की मी बँकेत कारकून आहे. रिझर्व्ह बँकेच्या शिक्क्यावर ताडाच्या झाडापुढे एक वाघ उभा आहे, आणि एक रुपयाची नोट सोडली तर बाकी नोटांवर तो शिक्का असतोच. १९३५ साली ही बँक निघाली तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या एका जुन्या मोहरेवरचे चित्र शिक्क्यासाठी पसंत पडले होते. पण त्यात सिंह होता. हिंदुस्थानला शोभेल असा प्राणी सिंह नव्हे, वाघ, असा विचार झाला आणि सिंहाची बदली होऊन त्या जागी वाघाची नेमणूक झाली. तेव्हापासून हा वाघ त्याच जागी, त्याच हुद्द्यावर उभा आहे. बढती नाही, बदली नाही. कारकुनाला वाघाविषयी आपुलकी वाटायला एवढे पुरेसे आहे.

दहाच्या जुन्या नोटेच्या पाठीवर तर गेंडा, हत्ती आणि वाघ अशी तिघांची तोंडे असत. त्या हिशेबाने मी आजवर लाखांनी वाघ मोजले आहेत आणि तेही बोटाला पाणी लावून. वनखात्यालाही एवढे मोजायला मिळाले नसतील.

तेव्हा २०१० साली 'टायगर रिझर्व्ह' हे दोन शब्द वर्तमानपत्रात शेजारी शेजारी छापून आले, तेव्हा मला ती आमच्याच खात्यातली बातमी वाटली. मग कळले की हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. सातारा जिल्ह्यातले कोयना अभयारण्य आणि सांगलीच्या बाजूचे चांदोली राष्ट्रीय उद्यान एकत्र करून, कोल्हापूर आणि रत्नागिरी जिल्ह्यांचेही काठ त्यात घेऊन हा प्रकल्प झाला. क्षेत्र साडेअकराशे चौरस किलोमीटरांच्या वर. मी जन्माने साताऱ्याचा आणि नोकरीने सांगलीचा. म्हणजे प्रकल्पाची दोन्ही टोके माझ्या एकट्यात येऊन मिळतात. साहजिकच मी त्या खात्यावर लक्ष ठेवून होतो.

खाते उघडले, पासबुक छापले, दाराशी फलक लागला. शिल्लक मात्र काही दिसेना. कुठे पंजाचा ठसा सापडे, कुठे विष्ठा सापडे, पण जंगलात लावलेल्या कॅमेऱ्यापुढे वाघ काही येईना. बिबटे येत, अस्वले येत, गवे तर सहकुटुंब येत. वाघाचा फोटो निघाला तो २०१८ च्या मे महिन्यात. आठ वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यावर अचानक रक्कम जमा झाली तर आमच्या शाखेत जी धावपळ उडेल, तीच तेव्हा चांदोलीत उडाली असणार.

आता, फोटो नसताना वाघ ओळखायचा कसा? इथे शास्त्रज्ञांनी जी युक्ती काढली आहे ती ऐकून सुरुवातीला नाकाला रुमाल लावावासा वाटतो, पण तिची थोरवी कोणाही कारकुनाला पटेल. वाघाची विष्ठा गोळा करतात. तिच्या बाहेरच्या थराला वाघाच्या आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. त्या पेशींत डीएनए असतो. तो असतो अगदी थोडा, म्हणून एका यंत्रात घालून त्याच्या लाखो प्रती काढतात. झेरॉक्सच म्हणा ना. मग त्यातल्या ठराविक जागा तपासतात. त्यावरून हा वाघ की बिबट्या, नर की मादी, मागच्या महिन्यात सापडला तोच की दुसरा, हे सगळे सांगता येते. आमच्याकडे नमुन्याची सही असते तसलाच हा प्रकार. फरक एवढाच, की आमच्या खातेदारांची सही दर सहा महिन्यांनी बदलते आणि वर "माझीच आहे की हो!" म्हणून वाद घालतात. वाघाची सही जन्मभर बदलत नाही, आणि तो ती रानात जागोजाग करून ठेवतो.

२०२३ च्या डिसेंबरात पुन्हा एक वाघ कॅमेऱ्यात आला. मागोमाग आणखी दोन आले. राधानगरी, तिलारी, गोवा आणि पुढे कर्नाटक असा जो जंगलाचा पट्टा दक्षिणेकडे गेला आहे, त्या वाटेने हे चालत येतात. त्यांना सेनापती, सुभेदार आणि बाजी अशी भारदस्त नावे मिळाली. तिघेही नर. वाघांत आपल्या उलटी रीत आहे. मुलगी आईच्या जवळपास घर करते आणि मुलगा लांब परगावी जातो. त्यामुळे चालत चालत चांदोलीला पोचतात ती सगळी मुलेच.

लग्नाचा विषय निघाला की मला साताऱ्याच्या आत्यांची आठवण होते. यादोगोपाळ पेठेत त्यांची एक वही आहे. त्या वहीत सातारा, सांगली, कोल्हापूर या तीन जिल्ह्यांतली उपवर मुलेमुली गोत्र, रास, उंची आणि स्वभावासकट नोंदलेली आहेत. आमच्या बँकेचा संगणक दिवसातून दोनदा बसतो, आत्यांची वही गेल्या चाळीस वर्षांत एकदाही बसलेली नाही. दिवाळीला गेलो तेव्हा मी सहज म्हटलं, "आत्या, तीन मुलं आहेत. सेनापती, सुभेदार आणि बाजी."

आत्यांनी चष्मा चढवला. "नावावरून घराणं चांगलं दिसतंय. कुठले म्हणायचे?"

"मूळचे दक्षिणेकडचे. हल्ली चांदोलीत असतात."

"धरणावर नोकरीला का?"

"नोकरी नाही. स्वतःचंच आहे. मोकळी जागा म्हणाल तर सहाशे चौरस किलोमीटर."

"मग अडलंय कुठं?"

"मुली मिळत नाहीत."

"आता घरोघर तेच आहे रे," आत्या म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिल हातात घेतली. "एवढी जमीन असून मुली मिळंनात म्हणजे काय म्हणायचं! गोत्र सांग."

शेवटी मला खरे काय ते सांगावे लागले. आत्या रागावतील असे वाटले होते, पण त्यांनी वही मिटली नाही. "वाघ असले म्हणून काय झालं? जवळच्या नात्यात देऊ नका म्हणजे झालं. आपल्यात मामाची मुलगी चालते, पण तीसुद्धा दर पिढीला करायची नसते. रक्त नासतं."

आत्या मॅट्रिक पहिल्या वर्षीच सोडून सासरी आलेल्या. पण त्यांनी चार शब्दांत जे सांगितले तेच सांगायला शास्त्रज्ञांना मोठमोठी यंत्रे लागतात. मी त्याचा उलगडा बँकेच्या भाषेत करून घेतला आहे. कर्जाला दोन जामीनदार लागतात. तसे प्रत्येक प्राण्यात एकेका जनुकाच्या दोन प्रती असतात. एक आईकडची आणि एक बापाकडची. एक प्रत खराब निघाली तरी बहुतेक वेळा दुसरी सांभाळून घेते. घेणेकऱ्यांना पत्ताही लागत नाही. पण आईबाप एकाच घरातले असले म्हणजे दोन्ही जामीनदार त्याच एका बुडालेल्या घरातून येतात. मग वसुली निघते ती मुलाच्या हृदयातून, हाडातून, नाहीतर वंशातून. एखाद्या रानात पंचवीस वाघ आहेत असे ऐकून आपण टाळ्या वाजवतो. ते पंचवीस एकमेकांचे चुलत-मावस असतील तर ती शिल्लक नुसती कागदावरची.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात हे प्रत्यक्ष घडले. तिथे प्यूमा नावाची रानमांजरांतली मोठी जात आहे. मारून, हाकलून तिथले प्यूमा वीस-तीस उरले आणि ते सगळे एकमेकांचे नातलग. कोणाच्या शेपटीला टोकाशी वाकडेपणा, कोणाचे हृदय जन्मापासून अधू, नरांच्या बाबतीत तर वंश कसा चालावा अशी अवस्था. १९९५ साली टेक्सासहून आठ माद्या आणून सोडल्या. त्यांतल्या पाच जणींना पिल्ले झाली. शेपट्या सरळ झाल्या, हृदये धड झाली, आणि संख्या पुढे शंभरावर गेली. आठ सुनांनी एक घराणे उभे केले. आपल्याकडे एक सून घर मोडते असे म्हणणाऱ्या सासवांनी हे कात्रण देवघरात लावावे.

आपल्याकडचे उदाहरण ओडिशातल्या सिमिलीपालचे. तिथे अंगावरचे पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळलेले, जवळजवळ काळे दिसणारे वाघ आहेत. लोक कौतुकाने पाहायला जातात. बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले की जनुकाच्या मजकुरातले एकच अक्षर बदलल्याने हे होते, आणि तसे वाघ तिथे इतके दिसतात याचे कारण ते रान इतर रानांपासून तुटले आहे. म्हणजे ज्याचे आपण कौतुक करतो तो नात्यातल्या लग्नांचा दाखला आहे.

एका अक्षराने काय होते हे साताऱ्याच्या माणसाला ओडिशात जाऊन पाहायची गरज नाही. आमच्या फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे. आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते. बंगालच्या सुंदरबनात गारोळ नावाची लहानखुरी मेंढी आहे, ती जुळी देते. तिच्यातही एका जनुकाच्या एका अक्षराचाच फरक. फलटणकरांनी ते अक्षर पिढ्यानपिढ्यांच्या संकरातून दख्खनी मेंढीत उतरवले. अंगलोट दख्खनीची आणि जुळे गारोळीचे. कोणत्या कोकरात ते अक्षर आले आहे हे रक्ताचा थेंब तपासून सांगता येते. सुंदरबन म्हटले की आपल्याला वाघ आठवतो, पण धनगराच्या कामी तिथली मेंढी आली.

तर सिमिलीपालला नव्या रक्ताची गरज होती. सून पाहायला सरकार कुठे आले? चंद्रपूरला! ताडोबा हे हल्ली वाघांचे भरलेले माहेर आहे. २०२४ च्या अखेरीस तिथल्या जमुना आणि झीनत अशा दोन वाघिणी ओडिशाला दिल्या. झीनतला सासर पसंत पडले नाही. ती निघाली ती झारखंड ओलांडून पश्चिम बंगालमध्ये गेली. तीन राज्यांची वनखाती तिच्या मागे पळत होती. शेवटी डिसेंबरच्या २९ तारखेला बाँकुरा जिल्ह्यात तिला भूल देऊन पकडली आणि परत नेली. आत्यांना हे सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "मुलीला विचारलं होतं का?"

आमच्या सेनापती मंडळींचा नंबर लागला २०२५ साली. ताडोबा आणि पेंचमधून आठ वाघ सह्याद्रीत आणायला केंद्राची परवानगी मिळाली. तीन नर, पाच माद्या. आठ हा आकडा फ्लोरिडाशी जुळला हा योगायोग, पण आत्यांच्या मते अष्टकूट. नोव्हेंबरात पहिली वाघीण निघाली, नाव चंदा. महाराष्ट्राच्या पार त्या टोकापासून ती गाडीने चांदोलीला आली. सासरचे नाव ठेवले तारा. गळ्यात कॉलर बांधली. आधी काही दिवस कुंपण घातलेल्या जागेत ठेवली आणि मग दार उघडून दिले. तुझ्या मनाने बाहेर पड म्हणून. ती पडलीही. आत्यांच्या प्रश्नाची सरकारने एवढी तरी दखल घेतली. जेवणाची तयारी आधीपासून चालू होती; आमच्या सांगली जिल्ह्यातल्याच सागरेश्वरहून चितळे नेऊन चांदोलीत सोडली होती. व्याह्यांचा मानपान म्हणतात तो हाच.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. जनुके पाहायची, स्थळ जुळवायचे, मुलगी आणायची. पण शास्त्रज्ञ आता याच्याही पुढे गेले आहेत. ते मुदत ठेवी घेतात. मरणाऱ्या प्राण्यांच्या पेशी कडाक्याच्या थंडीत गोठवून ठेवायच्या. अमेरिकेत मुंगसाच्या अंगलोटीचा, काळ्या पायांचा फेरेट म्हणून एक प्राणी आहे. तो संपलाच असे समजत होते, तर १९८१ साली एका शेतकऱ्याच्या कुत्र्याने त्यातला एक मारून दारात आणून टाकला आणि जात जिवंत असल्याचे कळले. आजचे सारे फेरेट अवघ्या सात पूर्वजांची संतती. त्यांच्याबाहेरच्या विला नावाच्या एका मादीच्या पेशी १९८८ साली गोठवल्या होत्या. त्यांतून २०२० साली विलाची हुबेहूब प्रत जन्माला घातली. म्हणजे ठेवीदार वारल्यावर बत्तीस वर्षांनी स्वतःच ठेव काढायला खिडकीवर हजर. आमच्याकडे असे झाले असते तर आधी केवायसीला बसवले असते. त्याच पेशींच्या दुसऱ्या एका प्रतीला २०२४ साली पिल्ले झाली. मुद्दल तर परत मिळालेच, वर व्याजही मिळाले.

आपल्याकडेही हे चालू आहे. हैदराबादला संकटग्रस्त प्राण्यांसाठी खास प्रयोगशाळा आहे. कृत्रिम रेतनाने झालेले चितळाचे पाडस तिथे २००६ सालीच बागडत होते. माळढोक पक्ष्यासाठी आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजला अभयारण्य आहे, पण आता तिथे माळढोक दिसणे ही नशिबाची गोष्ट झाली आहे. त्या पक्ष्याचे कृत्रिम रेतनाचे पहिले पिल्लू २०२४ च्या ऑक्टोबरात राजस्थानात जैसलमेरकडे अंड्यातून बाहेर आले. बातमी वाचून आनंद झाला. पण बातमी वाचता वाचता एक कारकुनी शंकाही आली, की पक्षी प्रयोगशाळेत वाढला आणि माळ तेवढ्यात नांगरला गेला तर पक्षी सोडायचा कुठे?

ही शंका माझ्यापेक्षा नेमक्या शब्दांत एका म्हाताऱ्याने मांडली. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी एक आबा येतात. धोतर, मुंडासे, हातात काठी. त्यांचे गाव चांदोलीच्या आत होते. वारणेचे धरण झाले, अभयारण्य झाले आणि आतली गावे उठून बाहेर आली. तिथे आता घरांची नुसती जोती उरली आहेत, आणि कोणी लावलेली आंब्याची झाडे. आबांना वाचता येत नाही, पण बातमी त्यांच्याकडे आमच्या आधी पोचते.

"सायेब, वाघीण आनली म्हनं?"

"आणली, आबा. ताडोब्याहून."

"ऱ्हाईल न्हवं ती?"

"राहावी. खायला आहे, पाणी आहे, माणूस नाही."

आबा थोडा वेळ काउंटरच्या कडेला हात टेकून उभे राहिले. "मानूस न्हाई खरं," ते म्हणाले. "आमी उठलो तवा लोकं म्हनायची, वाघासाठी उठवलं. आन तिथं वाघ म्हनून दिसंना. माझी म्हातारी मरूस्तवर इचारायची, मग आपुन उठलो कुनासाठी? आता ती ऱ्हायली, पोरंबाळं झाली तिला, म्हंजे हिशोब लागंल बगा."

त्यांनी पैसे दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि गेले. माझ्यापुढे रांग होती. पण त्या दिवशी नोटांवरचा वाघ मला काही केल्या डोळ्याला डोळा देईना.

जनुकशास्त्र मोठे खरे. कोण कोणाचे ते सांगेल, कोणी कोणाशी संसार करावा ते सांगेल, गेलेल्याची प्रतसुद्धा काढून देईल. पण ते काम मध्यस्थाचे. स्थळ जुळवून मध्यस्थ पेढे खाऊन घरी जातो, संसार करायला घर लागते. वाघीण बछड्यांना दोनेक वर्षे जवळ ठेवून शिकार शिकवते. ती शिकवणी बर्फाच्या पेटीत होत नाही, तिला रान लागते. आणि आठ वाघ गाडीने आणले तरी पुढच्या पिढीला नवे रक्त हवेच. ते दर वेळी चंद्रपूरहून गाडीने आणायचे, की राधानगरी-तिलारीच्या वाटेने आपल्या पायांनी येऊ द्यायचे, हे शेवटी ती वाट मोकळी राहते की नाही यावर आहे. त्या वाटेवर खाण निघाली, रस्ता रुंद झाला, डोंगर भुईसपाट झाला, की चांदोलीचे सिमिलीपाल व्हायला किती पिढ्या लागणार? मग आपण काळे वाघ पाहायला सहल काढू आणि त्यांचे कौतुक करू.

खाते उघडायच्या अर्जात आमच्याकडे वारसाचा एक रकाना असतो. बरीच माणसे तो मोकळा सोडतात. "एवढ्यात काय घाई आहे?" म्हणतात. मी पेन पुढे करतो आणि तो भरल्याशिवाय अर्ज घेत नाही. चांदोलीच्या खात्याचेही तसेच आहे. सहीचे नमुने आहेत, जामीनदार बाहेरगावचे मिळाले आहेत, शिल्लकही दिसू लागली आहे. ज्या दिवशी तिथल्या कॅमेऱ्यात एका वाघिणीमागे बछडी चालताना दिसतील, त्या दिवशी तो रकाना भरला असे मी धरीन. कंदी पेढ्यांचा खर्च आत्यांनी आपल्याकडे घेतला आहे. पहिला पेढा आबांना द्यायचा, असे आमचे ठरले आहे.